सिम्युलेटरवर शिकलेलं हेलिकॉप्टर शिवारात किती खरं उतरतं?

भात कापून झालं की डिसेंबरात बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारात मोकळी खाचरं मिळतात. गेल्या डिसेंबरात माझा भाचा तिथं आपलं पहिलं रिमोटचं हेलिकॉप्टर घेऊन उभा राहिला. ४५० साइझचं, पात्यांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण सत्तर सेंटीमीटर. त्याआधी दोन महिने रोज रात्री तो कॉम्प्युटरवर सिम्युलेटर, म्हणजे पडद्यावर उडवायचा सराव देणारा प्रोग्राम, चालवत होता आणि शेवटच्या आठवड्यात त्यानं एकदाही पाडलं नव्हतं. मला म्हणाला, "मामा, पीसीवर तोंड माझ्याकडं करून दोन-दोन मिनिटं हवेत थांबवतोय की! इथं काय वेगळं असणार?"

पाती फिरली, आवाज चढला. एक स्किड, म्हणजे जमिनीवर टेकायची खालची दांडी, उचलली, दुसरी भाताच्या खुंटात अडकली आणि हेलिकॉप्टर हवेत न जाताच कुशीवर पडलं. सगळं मिळून दीड सेकंद. दोन्ही मोठी पाती, शाफ्ट आणि शेपटीचा दांडा गेला.

परत येताना गाडीवर माझ्यामागं बसून तो एकच विचारत होता, "मग सिम्युलेटर खोटा म्हणायचा का?" त्या दिवशी मी त्याला अनगोळपर्यंत जे सांगत आलो, तेच इथं जरा सविस्तर लिहितोय.

सिम्युलेटर खोटा नाही. त्याचे काही भाग इतके खरे आहेत की ते शिकायला त्याहून चांगली जागाच नाही. काही भाग अर्धे खरे आहेत आणि काही त्यात मुळातच नाहीत. शिकणाऱ्याला हे तीन भाग वेगळे ओळखता आले की त्याचे पैसे वाचतात, आणि बोटंही वाचतात.

आधी खरा भाग. विमान शिकवायचं यंत्र जमिनीवर बनवायची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत एडविन लिंक यानं १९२९ साली पहिला लिंक ट्रेनर तयार केला. त्याच्या घरी ऑर्गन बनवायचा कारखाना होता, त्यामुळं ऑर्गनमधले हवेचे भाते वापरून त्यानं ती छोटी केबिन हलवली. तेव्हापासून आजपर्यंत खऱ्या विमानाच्या सिम्युलेटरपुढची मोठी अडचण तीच आहे: वैमानिकाचं शरीर विमानात असतं. वळताना खुर्ची अंगाला दाबते, खाली येताना पोटात गोळा येतो. हे सगळं जमिनीवर उभं करायचं तर पायांवर डोलणारी अवाढव्य केबिन लागते.

रिमोटचं हेलिकॉप्टर उडवणारा मात्र बांधावर उभा असतो. यंत्राकडून त्याच्या अंगाला काहीच कळत नाही. त्याच्याकडं असतात दोन डोळे, दोन कान आणि ट्रान्समीटरच्या, म्हणजे हातातल्या रिमोटच्या, काड्यांवरचे दोन अंगठे. सिम्युलेटरला तुम्ही तुमचाच ट्रान्समीटर जोडता, म्हणजे अंगठ्यांपुरता फरक शून्य. त्याच काड्या, तीच स्प्रिंग, तीच लांबी. घरच्या कॉम्प्युटरवर मोठं विमान चालवणं आणि घरच्या कॉम्प्युटरवर रिमोटचं हेलिकॉप्टर चालवणं यांत हा मूलभूत फरक आहे. दुसरं वास्तवाच्या कितीतरी जवळ जातं.

आता हेलिकॉप्टर एका जागी थांबवणं इतकं अवघड का, ते बघूया. काडी किंचित पुढं दिली तर हेलिकॉप्टर पुढं सरकतं, असं नवख्याला वाटतं. तसं होत नाही. काडी दिली की ते पुढं झुकायला लागतं. काडी मधे सोडली की झुकणं थांबतं, पण झालेला झुकाव तसाच राहतो. झुकलेलं हेलिकॉप्टर पुढं वेग घेत राहतं आणि वेग आला की जागा सुटते. अंगठा आणि जागा यांच्यामधे या इतक्या पायऱ्या आहेत. पाच अंशांचा झुकाव डोळ्याला जेमतेम दिसतो. तेवढ्या झुकावानं दोन सेकंदांत हेलिकॉप्टर पावणेदोन मीटर सरकतं, तिसऱ्या सेकंदाअखेर जवळजवळ चार मीटर, आणि तोवर वेग सेकंदाला अडीच मीटरच्या वर गेलेला असतो. थांबवायचं तर उलटा झुकाव द्यायचा आणि थांबायच्या आधीच तो काढून घ्यायचा. उशिरा काढला तर ते उलट्या दिशेला निघतं. तळहातावर काठी उभी धरतात तसंच हे, फक्त काठी आपल्यापासून दहा मीटरवर उभी आहे.

हा सगळा हिशोब शुद्ध गणिताचा आहे आणि कॉम्प्युटर गणितात कमी पडत नाही. रिअलफ्लाइट, हेली-एक्स किंवा अॅक्यूआरसी यांतला कुठलाही सिम्युलेटर घ्या, हवेत तरंगत्या हेलिकॉप्टरचं हे वागणं सगळ्यांत जवळजवळ बरोबर येतं. अलीकडं ते आणखी जुळतं, त्याचं कारण हेलिकॉप्टरच बदललं. पूर्वी मोठ्या पात्यांच्या वर आडवी दांडी असायची, तिच्या टोकांना छोटी पॅडल. तिला फ्लायबार म्हणत. यंत्र स्थिर ठेवण्याचं काम ती करायची, आणि प्रत्येक हेलिकॉप्टरच्या दांडीचा स्वभाव वेगळा. आता तिच्या जागी तीन अक्षांचा इलेक्ट्रॉनिक जायरो आला. काडीनं जितक्या वेगानं झुकायला सांगितलं तितक्याच वेगानं ते झुकतंय की नाही हे तो क्षणाक्षणाला तपासतो आणि फरक पडला की स्वतःच दुरुस्त करतो. हवेचे बारीकसारीक हट्ट तो परस्पर मिटवतो. त्यामुळं खरं हेलिकॉप्टरच जरा गणितासारखं वागायला लागलं, आणि सिम्युलेटरचं काम सोपं झालं.

दुसरी गोष्ट, जिच्यासाठी मी सिम्युलेटरला हात जोडतो, ती म्हणजे दिशा. शेपटी आपल्याकडं असेपर्यंत डावं ते डावं आणि उजवं ते उजवं. हेलिकॉप्टरनं तोंड आपल्याकडं केलं की सगळं फिरतं. काडी डावीकडं दिली की ते स्वतःच्या डावीकडं जातं, म्हणजे आपल्या उजवीकडं. काडी पुढं ढकलली की ते आपल्या अंगावर येतं. वर-खाली तेवढं पूर्वीसारखंच राहतं.

चिक्कोडी-निपाणीकडं कारखान्याच्या गेटवर उसाची ट्रॉली मागं घेणारा ट्रॅक्टरवाला पाहा. ट्रॉली डावीकडं न्यायची तर तो स्टीअरिंग आधी उजवीकडं फिरवतो. त्याला विचारलं तर सांगता येणार नाही, पण हात चुकत नाहीत. पहिल्या महिन्यात तोही विचार करून फिरवत होता आणि गेटला घासत होता. विचार करून दिशा उलटवायला लागणारा अर्धा सेकंदही हेलिकॉप्टरकडं नसतो. ही सवय फक्त पुन्हा पुन्हा करून लागते, शेकडो वेळा चुकून. खऱ्या हेलिकॉप्टरवर शेकडो वेळा चुकायची कुणाची ऐपत नाही. माझ्या पहिल्याच पाडापाडीला साडेतीन हजार रुपये गेले होते आणि सुटे भाग कुरिअरनं यायला तीन आठवडे लागले. सिम्युलेटरवर एक बटण दाबलं की हेलिकॉप्टर पुन्हा उभं. तोंड समोर करून थांबवण्याची सवय जर पडद्यावर बसली असेल तर ती शिवारातही टिकते. हे मी माझ्यावर पाहिलंय आणि आता भाच्यावरही. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा सिम्युलेटरचे पैसे वसूल होतात, असं माझं ठाम मत आहे.

इथून पुढं अर्धा खरा भाग सुरू होतो, आणि तो डोळ्यांपासून.

चोवीस इंची मॉनिटर घ्या. त्याची रुंदी सुमारे त्रेपन्न सेंटीमीटर. साठ सेंटीमीटरवर बसलं तर तो आपल्या नजरेचा जेमतेम अठ्ठेचाळीस अंशांचा भाग व्यापतो. सिम्युलेटर मात्र त्याच चौकटीत बऱ्याचदा सत्तर-ऐंशी अंशांचं दृश्य कोंबतो, म्हणजे मैदान मोकळं दिसावं. परिणाम असा की सगळं लहान दिसतं. दहा मीटरवरचं हेलिकॉप्टर वीस मीटरवर असल्यासारखं वाटतं, आणि त्याचं सरकणंही निम्म्या वेगाचं वाटतं. भाचा दुसऱ्यांदा शिवारात आला तेव्हा त्याचं पहिलं वाक्य होतं, "मामा, हे लईच जोरात पळतंय." हेलिकॉप्टर जोरात नव्हतं पळत. ते आता खऱ्या मापात दिसत होतं.

सेटिंगमधे दृश्याचा कोन कमी करता येतो, तो मॉनिटरच्या खऱ्या कोनाजवळ आणावा. आपोआप झूम होण्याची सोय असते, ती बंद ठेवावी. ती हेलिकॉप्टर लांब गेलं तरी मोठं दाखवते आणि अंतराचा अंदाज बिघडवते. तरी एक मर्यादा राहतेच. तीस मीटरवरचं हे हेलिकॉप्टर खऱ्या मापात दाखवायचं तर त्या मॉनिटरवर ते दीड सेंटीमीटरहून कमी, पन्नासेक ठिपक्यांत मावतं. आपली नजर यापेक्षा बारीक तपशील पाहू शकते. म्हणून लांबचं उडवणं पडद्यापेक्षा शिवारात सोपं वाटतं.

त्याच्या उलटही घडतं. पडद्यावर आभाळ निळं असतं, ऊन पाठीमागून येतं आणि हेलिकॉप्टरचा रंग ठळक दिसतो. आमच्याकडं जूनच्या पहिल्या ढगांत तेच हेलिकॉप्टर राखाडी आभाळावर काळी आकृती होऊन जातं. तोंड इकडं की तिकडं, ते कळत नाही. अशा वेळी शेवटची दिलेली दिशा लक्षात ठेवून उडवावं लागतं. सिम्युलेटरमधे ढगाळ मैदान आणि गडद रंगाचं मॉडेल निवडून हा सराव मुद्दाम करता येतो, पण फार कमी जण करतात.

डोळ्यांचीच एक छुपी अडचण म्हणजे उशीर. मॉनिटरऐवजी हॉलमधल्या मोठ्या टीव्हीला जोडलं तर टीव्ही चित्र गुळगुळीत करायच्या नादात ते उशिरा दाखवतो. हेलिकॉप्टर आधीच सरकलेलं असतं, आपण नंतर काडी देतो, जास्त देतो, मग ते उलटं जातं. शिकणाऱ्याला वाटतं आपला हात वाईट. टीव्हीचा गेम मोड लावा किंवा साधा मॉनिटर वापरा. ट्रान्समीटरही केबलनं जोडलेला बरा.

आता त्या भाताच्या खुंटाकडं येतो, कारण भाच्याचं हेलिकॉप्टर तिथंच गेलं आणि बहुतेकांचं तसंच जातं.

पडद्यावरचं गवत हे चित्र असतं. त्याखाली जमीन म्हणजे एक सपाट, कडक फळी. स्किड तिच्यावरून घसरते. शिवारात स्किड अडकते. अडकली की ती बिजागरीसारखी होते. पाती वर ओढतायत, एक बाजू सुटलीये, दुसरी धरलेली, मग वर जायच्या ऐवजी सगळं यंत्र त्या बिजागरीभोवती फिरतं. मोठ्या, माणूस बसणाऱ्या हेलिकॉप्टरांनाही हा धोका असतो. घात करते ती आपली पहिली ऊर्मी. उजवीकडं कलंडतंय म्हणून आपण काडी डावीकडं देतो, आणि त्याच घाईत थोडी ताकदही वाढवतो. डावी काडी पोचेपर्यंत उशीर झालेला असतो, आणि वाढलेली ताकद कलंडण्याला मदत करते. बरोबर उपाय एकच: ताकद लगेच खाली. वर ओढणंच थांबवलं की यंत्र पुन्हा दोन्ही स्किडवर बसतं. मी वापरलेल्या एकाही सिम्युलेटरनं मला हे शिकवलं नाही, कारण त्यांच्या जमिनीत काही अडकतच नाही.

म्हणून पहिल्या दिवशी खळ्यावर जावं. चोपून सारवलेलं खळं याला उत्तम. आमच्या दिवशी खळ्यावर मळणी चालू होती म्हणून आम्ही खाचरात गेलो, ती माझी चूक. दुसऱ्या वेळी मी चार फूट बाय चार फूट प्लायवूडची फळी गाडीला बांधून नेली आणि हेलिकॉप्टरच्या स्किडला फुलीच्या आकारात दोन लांब काड्या बांधल्या, टोकांना टेबल टेनिसचे चेंडू. दिसायला बेढब, पण पाय रुंद झाले की कलंडणं फार कठीण होतं. भाच्यानं त्या दिवशी तीन बॅटऱ्या संपवल्या आणि एकही पातं मोडलं नाही.

वाऱ्याचं थोडक्यात सांगतो. सिम्युलेटरमधे वाऱ्याचा वेग आणि झोत यांचे आकडे टाकता येतात, पण बहुतेक वेळा तो वारा सगळ्या मैदानावर एकसारखा असतो. राजहंसगडाच्या आडोशाला उभे राहून बघा. खानापुरात मलप्रभेच्या पात्रात दगडामागं पाणी जसं भोवऱ्यात फिरतं, तसा वारा टेकडीमागं आणि झाडांच्या रांगेमागं फिरतो. एका वाफ्यावर तो वर उचलतो, पुढच्या बांधावर खाली दाबतो. शिकताना सकाळी सातच्या आत उडवावं आणि झाडांपासून लांब.

हवेचा विरळपणा हाही मुद्दा आमच्या भागात लागू होतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच. एवढ्या उंचीवर हवा समुद्रकाठापेक्षा साधारण सात टक्के विरळ असते, आणि एप्रिलच्या दुपारी पारा ३५ अंशांवर गेला की हा फरक प्रमाण हवेच्या (समुद्रसपाटी, १५ अंश) तुलनेत पंधरा टक्क्यांच्या जवळ जातो. तेच हेलिकॉप्टर हवेत थांबवायला पात्यांना जरा जास्त कोन द्यावा लागतो, आणि खाली येताना ते अपेक्षेपेक्षा लवकर खाली येतं. घाबरण्यासारखं काही नाही, पण हे ठाऊक नसेल तर माणूस उगीच मोटरला दोष देत बसतो.

सिम्युलेटरमधे मुळीच नसलेली गोष्ट मला सर्वात जिव्हाळ्याची आहे, कारण ती माझ्या रोजच्या कामाची आहे. मी उद्यमबागेत मशीन शॉपमधे काम करतो. पडद्यावरचं हेलिकॉप्टर रोज नवीन असतं. त्याचा एकही बोल्ट सैल होत नाही, त्याच्या दुव्यांना प्ले (ढिलेपणा) येत नाही, बॅटरी म्हातारी होत नाही. खऱ्या हेलिकॉप्टरचं आरोग्य कानांनी आणि बोटांनी वाचावं लागतं. दोन्ही पाती ज्या बारीक दांड्यावर बसतात त्याला आपण स्पिंडल म्हणतो. हलक्या आपटण्यानंही तो वाकतो, आणि डोळ्याला दिसत नाही. काढून काचेवर घरंगळवला की एका जागी अडखळतो. डायल गेजखाली धरला तर सुई पाच शतांश मिलिमीटर हलते. दांडा एवढासा वाकलेला असला तरी पाती मिनिटाला अडीच हजार फेरे घेतात तेव्हा शेपटी धूसर दिसायला लागते, त्या थरथरीनं जायरो गोंधळतो, आणि उडवणारा म्हणतो सिम्युलेटरसारखं उडत नाही. भाच्याचं हेलिकॉप्टर जोडताना मी प्रत्येक भाग त्याच्याकडून घरंगळवून घेतला. तासभर लागला. धातूला धातू भिडतो अशा प्रत्येक बोल्टला, तो सैल होऊ नये म्हणून, थ्रेडलॉकचा चिकट थेंब लावला. पडद्यापुढं घालवलेल्या प्रत्येक दहा तासांमागं एक तास यंत्राला द्यावा, असं मी सांगतो.

आणि भीती. सिम्युलेटरवर हात थरथरत नाहीत. शिवारात पहिल्या वेळी अंगठे इतके थरथरतात की ती थरथर हेलिकॉप्टरमधे उतरते. ती भीती वाजवी आहे. त्या छोट्या ४५० च्या पात्यांचं टोक ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या वर पळत असतं. २०१३ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधे एक १९ वर्षांचा, या छंदात मुरलेला मुलगा आपल्याच रिमोटच्या हेलिकॉप्टरचं पातं लागून जागीच गेला. त्याचं यंत्र मोठं होतं, पण बोट छाटायला लहानही पुरतं. म्हणून दहा मीटरच्या आत उडवायचं नाही, आणि अडचण आली की पहिलं काम थ्रॉटल होल्डचं बटण, म्हणजे मोटर बंद. हे बटण मात्र सिम्युलेटरवर शिकता येतं आणि शिकलंच पाहिजे. पडतंय असं दिसलं की आधी होल्ड, मग जे व्हायचं ते होऊ दे. पडद्यावर लोक ते करत नाहीत, कारण तिथं पडलं तरी काही बिघडत नाही.

भाच्याला मी एक नियम घालून दिला. पडद्यावर पाडलं की लगेच पुन्हा सुरू करायचं नाही. खुर्चीवरून उठायचं, वहीत कारण लिहायचं, पाच मिनिटांनी परत बसायचं. पहिल्या आठवड्यात तो वैतागला. तिसऱ्या आठवड्यात वहीत ओळी कमी झाल्या, आणि ज्या होत्या त्यांतल्या बहुतेक एकाच प्रकारच्या: तोंड समोर, डावीकडून वळताना. मग तेवढंच घोटलं.

जोडणीतला एक खड्डा सांगून ठेवतो. खऱ्या हेलिकॉप्टरसाठी ट्रान्समीटरमधे तीन सर्वोंची (पात्यांचा कोन बदलणाऱ्या छोट्या मोटरींची) मिसळ, म्हणजे एका काडीवर तिन्ही मिळून हलवायची सोय, लावलेली असेल तर सिम्युलेटरसाठी वेगळं, साधं, मिसळ नसलेलं मॉडेल बनवा. नाहीतर एक काडी हलवली की तीन गोष्टी हलतात आणि आठवडा वाया जातो. मोड कोणता, ताकदीची काडी डावीकडं की उजवीकडं, हे ज्याच्याबरोबर शिवारात उडवणार त्याला विचारून ठरवा, म्हणजे अडचणीत तो तुमचा ट्रान्समीटर हातात घेऊ शकेल.

उडवायच्या जागेबद्दलही. सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दलाचं केंद्र आहे, शहरात लष्कराची छावणी आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांत छंदाची मॉडेलही येतात, तेव्हा आपली जागा कुठल्या झोनमधे पडते ते सरकारी नकाशावर आधी पाहावं, आणि शेतमालकाला विचारल्याशिवाय खाचरात पाऊल टाकू नये.

आता पावसाळा लागला. खाचरांत पाणी भरलंय, रोपं लावायची घाई सुरू आहे, आणि भात कापून होईपर्यंत शिवारात हेलिकॉप्टरला जागा नाही. काल भाच्यानं बॅटऱ्या प्रत्येक सेलला ३.८ व्होल्टवर आणून पत्र्याच्या डब्यात ठेवल्या, पाती काढून कापडात गुंडाळली. मग मॉनिटरसमोर बसला, केबल जोडली आणि ढगाळ मैदान निवडलं. मॉडेलचा रंग त्यानं स्वतःहून काळा केला.